मंगळवारचं उपनगर : नव्या महानगरात राहायची जागा कशी पारखावी

नव्या महानगरात नोकरी ठरली की आठवड्याभरात तीन-चार उपनगरांची नावं कानावर पडतात. ऑफिसातलं कुणी एक सुचवतं, एजंट दुसरं, लांबच्या ओळखीतलं कुणी तिसरं. जाऊन बघावं तर सगळीकडे सारखंच चित्र: रुंद रस्ते, दुतर्फा झाडं, नावाजलेल्या शाळा, शांत गल्ल्या. बजेटही थोड्याफार फरकाने तिन्हीकडे बसतं. मग निवड होते ती घरावरून. स्वयंपाकघर आवडलं, दिवाणखान्यातला उजेड आवडला, झाली सही. पण घराची भिंत पुढेमागे पाडता येते, फरशी बदलता येते. पत्ता उचलून चार किलोमीटर पलीकडे ठेवता येत नाही.

आम्ही बिऱ्हाड तीनदा हलवलं. पहिल्या वेळी उपनगर बघितलं ते रविवारी सकाळी अकराला. ऑफिसपासून ३५ मिनिटांत पोचलो आणि खूश झालो. राहायला गेल्यानंतरच्या पहिल्या मंगळवारी तेच अंतर कापायला सव्वा तास लागला. त्या दिवशी मुलगी शाळेतून सुटली तेव्हा मी एका पुलावर गाड्यांच्या रांगेत उभी होते आणि शाळेतून दोनदा फोन येऊन गेला होता. पुढची दोन वर्षं आम्ही त्या पुलाच्या वेळापत्रकावर जगलो. घर सुंदर होतं, शेजार चांगला होता, तरी ते सोडावं लागलं. हा लेख त्या दोन वर्षांतून आणि नंतरच्या दोन स्थलांतरांतून तयार झाला आहे.

माझं म्हणणं सरळ आहे. याद्या आणि गुणांकनं ज्या गोष्टी मोजतात, त्यांत सगळी उच्चभ्रू उपनगरं पुढेच असतात. तिथे फरक दशांशाचा. खरा फरक पडतो तो साध्या कामाच्या दिवशी, म्हणून तुलना मंगळवारची करायची. सोमवार आणि शुक्रवार अनेक ठिकाणी वेगळे असतात, कारण लोक सुट्टी जोडून घेतात किंवा घरून काम करतात. शनिवार-रविवार तर खोटेच बोलतात.

पहिलं काम: नावं बाजूला ठेवा, आठवडा लिहून काढा

एकाही उपनगराचा फोटो बघायच्या आधी घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाने स्वतंत्र कागद घ्यावा आणि आपला येणारा आठवडा तासातासाने लिहावा. किती वाजता निघणार, कुठे जाणार, मुलाला कोण सोडणार, ते आजारी पडलं तर अर्ध्या तासात शाळेत कोण पोचू शकणार, किराणा कधी, व्यायाम कुठे, महिन्यातून किती वेळा विमानतळ. घरात गाडी न चालवणारं कुणी असेल, म्हणजे म्हातारे आईवडील किंवा वयात येणारी मुलं, तर त्यांचा दिवस वेगळा लिहा. हे कागद एकमेकांना न दाखवता लिहायचे आणि मग शेजारी शेजारी ठेवायचे. आमच्याकडे दुसऱ्या वेळी हे केलं, तेव्हा माझ्या कागदावर 'प्रवास' हा शब्द सहा वेळा होता आणि नवऱ्याच्या कागदावर एकदाही नव्हता. तो घरून काम करणार होता. त्याच्या कागदावर होतं, 'दिवसभरात कुणाशी तरी बोलणं.' ते मला सुचलंच नव्हतं.

एक गोष्ट आग्रहाने सांगते. जी व्यक्ती नोकरीमुळे तिथे जाते तिला पहिल्या दिवसापासून सहकारी मिळतात, कामाची चौकट मिळते. जी सोबत म्हणून जाते तिच्या वाट्याला नुसतं उपनगर येतं. म्हणून दिवसाचे जास्त तास त्या उपनगरात घालवणाऱ्या माणसाच्या कागदाला जास्त वजन द्या. हे न केल्यामुळे चांगल्या पगाराची स्थलांतरं वर्षभरात मोडलेली मी पाहिली आहेत.

कागदांवरून तीनच अटी 'याशिवाय नाही' म्हणून काढा. तीनपेक्षा जास्त काढल्या तर कोणतंच उपनगर उरत नाही, आणि मग माणूस सगळ्याच अटी सोडून देतो.

दुसरं काम: किलोमीटर विसरा, मिनिटं मोजा

नकाशाच्या ॲपमध्ये 'आत्ता निघालो तर' असं बघू नका. 'मंगळवारी सकाळी नऊला पोचायचं आहे' असं टाका, मग परतीसाठी 'संध्याकाळी सहाला निघायचं आहे' असं टाका. ॲप बहुधा एक आकडा देत नाही, '३५ ते ७०' असा पल्ला देतं. त्यातला वरचा आकडा धरा. रोज उशिरा पोचून चालत नाही, म्हणून तुम्ही निघणार त्या वरच्या आकड्याच्याच हिशेबाने. दोन उपनगरांची सरासरी सारखी असली तरी एकाचा पल्ला ४० ते ५० आणि दुसऱ्याचा ३० ते ६० असेल, तर पहिलं डोळे मिटून घ्यावं. माणूस लांब प्रवासाला सरावतो, बेभरवशाच्या प्रवासाला सरावत नाही.

हिशेब करून बघा. एका बाजूला २५ मिनिटं जास्त म्हणजे दिवसाला ५०. वर्षाचे २२० कामाचे दिवस धरले तर सुमारे १८३ तास होतात, म्हणजे आठ तासांचे जवळपास २३ दिवस. मोठ्या घराच्या एका जास्तीच्या खोलीसाठी आपण वर्षाला तेवीस दिवस मोजतो आहोत का, हा प्रश्न अशा भाषेत विचारला की उत्तर लवकर सापडतं. ब्रूनो फ्राय आणि अलॉइस स्टुट्झर या अर्थशास्त्रज्ञांनी २००८ मध्ये जर्मनीतली माहिती तपासून दाखवलं होतं, की लांबच्या प्रवासाची भरपाई मोठ्या घराने किंवा जास्त पगाराने होईल हे गृहीतक प्रत्यक्षात टिकत नाही. जास्त प्रवास करणारे लोक सरासरीने आयुष्याबद्दल कमी समाधानी निघाले.

आता अशी एक गोष्ट, जी एजंट कधी सांगत नाही: सूर्य. घर शहराच्या पश्चिमेला आणि ऑफिस पूर्वेला असेल, तर सकाळी उगवता सूर्य डोळ्यांवर आणि संध्याकाळी मावळता सूर्यही डोळ्यांवर. घर पूर्वेला असेल तर दोन्ही वेळा सूर्य पाठीशी. हिवाळ्यात सूर्य खालून चालतो तेव्हा समोरची काच नुसती पांढरी दिसते, आणि त्याच वेळी सगळी वाहतूक मंदावते. दोन उपनगरं बाकी तुल्यबळ असतील तर मी पूर्वेकडचं घेते.

रेल्वे किंवा मेट्रो असेल तर तीनच गोष्टी बघा. गर्दीच्या वेळेबाहेर किती मिनिटांनी गाडी येते, कारण दर दहा मिनिटांनी येत असेल तर वेळापत्रक बघावं लागत नाही आणि चाळीस मिनिटांनी येत असेल तर आयुष्य त्याला बांधलं जातं. शेवटची गाडी किती वाजता आहे. आणि घरापासून स्टेशनापर्यंत पायी जाणारा रस्ता खरोखर आहे का.

शेवटचं, उपनगरातून बाहेर पडायचे रस्ते मोजा. एकच पूल, एकच बोगदा, डोंगरातून उतरणारा एकच रस्ता असेल तर एका अपघाताने तुमचा दिवस गेला. आमच्या पुलाची कथा वर आलीच आहे.

तिसरं काम: सीमारेषा शोधा

उपनगराचं नाव ही एक गोष्ट, पोस्टाच्या पत्त्यातलं नाव दुसरी, कर घेणारी नगरपालिका तिसरी आणि शाळेचं प्रवेशक्षेत्र, म्हणजे जिथल्या मुलांना त्या शाळेत जागा मिळते तो भाग, चौथी. या चार रेषा एकमेकींवर बसतातच असं नाही. अमेरिकेत तर पत्त्यात एका गावाचं नाव, कर दुसऱ्या गावाला आणि मूल तिसऱ्याच शालेय जिल्ह्यात असं सर्रास आढळतं. इंग्लंडमध्ये बऱ्याच सरकारी शाळा जागा कमी पडल्या की घरापासूनच्या अंतरावर प्रवेश ठरवतात, आणि शेवटचा प्रवेश किती अंतरावरच्या मुलाला मिळाला हा आकडा दरवर्षी बदलतो. गेल्या वर्षी चाललेला पत्ता यंदा चालेलच असं नाही. म्हणून एजंटच्या शब्दावर किंवा घराच्या जाहिरातीवर विसंबू नका. शाळेच्या प्रशासनाला घर क्रमांकासह पत्ता पाठवा आणि उत्तर लेखी घ्या. सीमा बदलण्याचा प्रस्ताव विचाराधीन आहे का, हेही त्याच पत्रात विचारा. नव्या वसाहती झपाट्याने उभ्या राहत असतील तर हा प्रश्न हमखास विचारावा, कारण शाळा भरली की रेषा हलते.

या रेषेची किंमत किती असते? अर्थतज्ज्ञ सँड्रा ब्लॅक यांनी १९९९ मध्ये बॉस्टनभोवतालच्या उपनगरांतली घरं तपासली. प्रवेशक्षेत्राच्या रेषेच्या अल्याड-पल्याडची घरं त्यांनी घेतली, म्हणजे वस्ती तीच आणि फक्त शाळा वेगळी. चाचणीतले गुण पाच टक्क्यांनी जास्त असलेल्या शाळेसाठी पालक घराला सुमारे अडीच टक्के जास्त मोजत होते. ही पद्धत आपणही वापरू शकतो. रेषेच्या दोन्ही बाजूंची सारखी घरं शोधा आणि किमतीतला फरक काढा. मुलं नसतील किंवा मोठी झाली असतील, तर रेषेच्या 'स्वस्त' बाजूला तीच झाडं आणि तेच रस्ते कमी पैशांत मिळतात. फक्त घर विकताना तुम्हालाही तेवढंच कमी मिळेल, हे लक्षात असू द्या.

मुलं शाळेत जाणारी असतील तर इथे थांबून नीट विचार करावा लागेल, कारण सधन उपनगरांची कीर्ती मुख्यतः शाळांवर उभी आहे. शाळेचे सरासरी गुण आणि पालकांचं उत्पन्न यांचं नातं फार घट्ट असतं. सधन वस्तीतल्या शाळेचे गुण चांगले दिसतात त्यात शाळेचं श्रेय किती आणि घरचं किती, हे त्या आकड्यावरून कळत नाही. स्टॅनफर्ड विद्यापीठाचे शॉन रिअर्डन यांनी अमेरिकेतल्या शालेय जिल्ह्यांच्या चाचण्यांचा प्रचंड साठा तपासून दाखवलं, की सरासरी गुण श्रीमंतीशी जोडलेले आहेत, पण वर्षागणिक मुलं किती पुढे सरकतात याचा श्रीमंतीशी संबंध बराच सैल आहे. तेव्हा शक्य असेल तिथे गुणांची पातळी बघू नका, प्रगतीचा आकडा मागा. तो मिळत नसेल तर मुख्याध्यापकांना विचारा, 'मधल्या फळीतल्या मुलाचं तुमच्याकडे काय होतं?' पहिल्या पाचांबद्दल सगळेच भरभरून बोलतात.

दुसरी बाजू दबावाची. सुनिया लूथर या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून अमेरिकेतल्या सुखवस्तू उपनगरांमधल्या किशोरवयीन मुलांचा अभ्यास केला. तुलनेसाठी घेतलेल्या शहरातल्या गरीब वस्तीतल्या मुलांपेक्षा या मुलांमध्ये व्यसनाचं प्रमाण जास्त आढळलं, चिंताही जास्त आढळली. पुढे २०१९ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या अहवालानेही यशाचा अतिरेकी दबाव असलेल्या शाळांमधल्या मुलांना जोखमीच्या गटात धरलं. याचा अर्थ चांगल्या शाळेत मूल घालू नका असा नाही. अर्थ एवढाच, की दोन उत्तम शाळांमध्ये निवड करायची असेल तर यादीतल्या क्रमांकावर करू नका. आपल्या मुलाकडे बघा. नव्या गावी, मित्र मागे सोडून आलेलं मूल पहिल्या वर्षी मुळातच नाजूक असतं. शाळेत समुपदेशक किती आहेत, वर्षाच्या मधे आलेल्या मुलाला वर्गात कसं सामावून घेतात, रात्री गृहपाठ किती वेळ चालतो, हे विचारा. आमच्या मुलीला एका शाळेत पहिल्याच दिवशी डबा खायला सोबत म्हणून वर्गातली एक मुलगी नेमून दिली होती. त्या शाळेचा गुणक्रम शेजारच्या शाळेपेक्षा खाली होता. मी आजही ती निवड पुन्हा करेन.

चौथं काम: किंमत बाजूला, वर्षाचा खर्च मांडा

घराची किंमत किंवा भाडं हा एकच आकडा घेऊन उपनगरांची तुलना केली की हमखास फसगत होते. प्रत्येक उपनगरासाठी बारा महिन्यांचा खर्च मांडा: हप्ता किंवा भाडं, मालमत्ता कर, सोसायटीची किंवा रहिवासी संघाची वर्गणी, विमा, वीज, पाणी, घर गरम किंवा थंड ठेवण्याचा खर्च, दुसरी गाडी लागत असेल तर तिचा सगळा खर्च, टोल, पार्किंग, शाळेची बस. दुसरी गाडी हा सगळ्यात मोठा लपलेला खर्च. जे उपनगर महाग वाटतं तिथे एका गाडीत भागत असेल, तर ते स्वस्त पडू शकतं.

मालमत्ता कराबाबत एक सापळा आहे. सध्याचा मालक भरतो तेवढाच कर आपल्याला लागेल असं धरू नका. काही ठिकाणी विक्री झाली की घराचं मूल्यांकन नव्याने होतं. कॅलिफोर्नियात १९७८ च्या 'प्रपोझिशन १३' या कायद्यानुसार मालक तोच राहिला तर करपात्र मूल्य वर्षाला जास्तीत जास्त दोन टक्के वाढतं, पण घर विकलं गेलं की नव्या किमतीवर मोजलं जातं. त्यामुळे एकाच गल्लीत, सारख्याच घरांना, जुन्या आणि नव्या मालकाच्या करात कितीतरी पटींचा फरक असू शकतो. नियम कुठलाही असो, कर कार्यालयात विचारायचा प्रश्न एकच: 'मी या किमतीला घेतलं तर पुढच्या वर्षी मला किती येईल?'

रहिवासी संघ असेल तर वर्गणीपेक्षा राखीव निधी किती आहे ते बघा. छप्पर, लिफ्ट, रस्ते, पोहण्याचा तलाव हे सगळं कधी ना कधी बदलावं लागतं. निधी आटलेला असेल तर ती रक्कम एकदम सभासदांकडून वसूल होते. गेल्या तीन वर्षांची इतिवृत्तं मागून वाचा. भांडणं कशावरून होतात तेही त्यात कळतं, आणि नियम किती बारीक आहेत तेही.

पाचवं काम: पाणी, आग, आवाज, हवा

सधन वस्तीला निसर्ग वेगळा न्याय देत नाही. उलट नदीकाठ, समुद्रकिनारा, टेकडीचा माथा, जंगलाची कड या देखण्या जागा असल्यामुळेच तिथे सधन वस्ती होते.

पूररेषेचा नकाशा बघताना 'शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर' हे शब्द वाचून निश्चिंत होऊ नका. त्याचा अर्थ दरवर्षी एक टक्का शक्यता असा आहे. तीस वर्षांच्या कर्जाच्या मुदतीत असा पूर एकदा तरी येण्याची शक्यता सुमारे २६ टक्के होते. नकाशाबरोबर डोळेही वापरा. कुंपणाच्या भिंतीवर, गॅरेजच्या दाराच्या खालच्या पट्टीवर, झाडांच्या बुंध्यांवर चिखलाची आडवी रेघ दिसते का? एका घराच्या तळघरात सगळी खोकी विटांवर रचून ठेवलेली होती. मालकाने पाण्याचा विषय काढला नाही. विटांनी काढला.

आगीचं उदाहरण ताजं आहे. लॉस एंजेलिस शहराच्या कडेची पॅसिफिक पॅलिसेड्स ही अत्यंत श्रीमंत वस्ती. जानेवारी २०२५ च्या वणव्यात तिचा मोठा भाग बेचिराख झाला. बाहेर पडायचे रस्ते इतके तुंबले की लोकांनी गाड्या रस्त्यातच सोडल्या आणि त्या बाजूला करायला बुलडोझर आणावे लागले. त्याआधीच्या वर्षी तिथल्या बऱ्याच घरांचा विमा पुढे चालू ठेवायला एका मोठ्या कंपनीने नकार दिलेला होता. विमा कंपनीला जागेबद्दल आपल्यापेक्षा जास्त माहिती असते. म्हणून बयाणा देण्याआधी, नेमक्या पत्त्यासाठी, विम्याचा लेखी दर मागवा. दर अवाच्या सवा आला किंवा नकार आला, तर तोच तुमचा सगळ्यात स्वस्तात मिळालेला सल्ला.

आवाजाचं मोजमाप करणं सोपं आहे. फोनवरचं डेसिबल मोजणारं ॲप प्रयोगशाळेइतकं अचूक नसतं, पण दोन जागांची तुलना करायला पुरतं. दहा डेसिबल वाढले की कानाला आवाज साधारण दुप्पट वाटतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या युरोपसाठीच्या मार्गदर्शनानुसार रात्रीच्या वेळी रस्त्याचा आवाज सरासरी ४५ डेसिबलच्या आणि विमानांचा ४० च्या खाली असावा. विमानतळाच्या धावपट्टीची दिशा नकाशावर पुढे वाढवून बघा. वारा फिरला की विमानांचा मार्गही फिरतो, त्यामुळे एकदा जाऊन 'आवाज नाही' असं ठरवू नका.

वाऱ्यावरून आठवलं. युरोपातल्या पुष्कळ जुन्या औद्योगिक शहरांत सधन वस्ती पश्चिमेला आणि कामगार वस्ती पूर्वेला दिसते, कारण वारे पश्चिमेकडून वाहत आणि धुराड्यांचा धूर पूर्वेला जाई. तुमच्या महानगरात वर्षातला बहुतेक काळ वारा कुठून वाहतो आणि त्या बाजूला काय आहे, हे पाच मिनिटांत कळतं. हवेच्या गुणवत्तेसाठी वर्षाची सरासरी बघा. पीएम २.५, म्हणजे हवेतले अतिसूक्ष्म कण, यांसाठी जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये घनमीटरला ५ मायक्रोग्रॅम ही पातळी ठरवली. ती फार थोड्या शहरांना जमते, पण दोन उपनगरांपैकी तिच्या जवळ कोण आहे हे तर कळेल. उपनगराच्या आतही हमरस्त्याला लागून असलेलं घर आणि पाचशे मीटर आतलं घर यांत खूप फरक असतो.

सहावं काम: पायी चालून बघा

१९२९ मध्ये क्लॅरेन्स पेरी या अमेरिकी नियोजनकारांनी आदर्श वस्तीची कल्पना मांडली. मध्यभागी प्राथमिक शाळा, तिथपर्यंत पाव मैल चालणं, आणि मोठे रस्ते वस्तीच्या कडेने, आतून नाहीत. पाव मैल म्हणजे साधारण चारशे मीटर, पाच मिनिटांची चाल. ही कसोटी अजूनही उत्तम चालते. त्याच्याही साठ वर्षं आधी, १८६९ मध्ये, शिकागोजवळच्या रिव्हरसाइड या उपनगराचा आराखडा फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेड आणि कॅल्व्हर्ट व्हॉक्स या रचनाकारांनी वळणदार रस्त्यांचा केला, आणि वळणदार रस्ता म्हणजे उच्चभ्रू वस्ती हे समीकरण पुढे जगभर पसरलं. पण नंतरच्या अनेक वसाहतींत वळणं राहिली आणि पायवाटा गेल्या. नकाशावर मैत्रिणीचं घर तीनशे मीटरवर दिसतं, मधे कुंपण, आणि रस्त्याने दोन किलोमीटर.

म्हणून घराच्या दारातून निघा आणि दहा मिनिटं चाला. दहा वर्षांचं मूल एकटं जाऊ शकेल अशी एक तरी जागा लागली का? सत्तरीचा माणूस जाऊन, बसून, परत येऊ शकेल अशी? फुटपाथ सलग आहे की मधेच संपतो? गाडी न चालवणाऱ्या माणसासाठी सुंदर उपनगर हे कैदखाना होऊ शकतं. हे मी माझ्या सासूबाईंच्या चेहऱ्यावर वाचलं आहे. त्या कधी बोलल्या नाहीत. फक्त संध्याकाळी साडेपाचपासून खिडकीत बसून आमच्या गाडीची वाट बघायच्या.

सातवं काम: फेऱ्या

उरलेल्या दोन-तीन उपनगरांना वेगवेगळ्या वेळी जा. मंगळवारी सकाळी पावणेआठला शाळेच्या फाटकाजवळ उभे राहा. मुलं चालत येतात की गाड्यांची रांग लागते, पालक एकमेकांशी बोलतात की काच खाली न करता निघून जातात, हे वीस मिनिटांत दिसतं. त्याच संध्याकाळी सहाला ऑफिसकडून त्या घरापर्यंत प्रत्यक्ष या. एकदा रात्री दहानंतर या, गाडी बंद करून पंधरा मिनिटं नुसतं ऐका. आणि एकदा मुसळधार पावसात किंवा जिथला जो वाईट ऋतू असेल त्यात. लांबून यायचं असेल तर एकाच मुक्कामात दोन रात्री काढा, पण हॉटेल शहरात घेऊ नका, त्या उपनगरात घ्या.

माणसांना भेटलात तर 'इथे कसं आहे?' असं विचारू नका. उत्तर 'छान' असंच येणार. विचारा, 'तुम्ही इथे कुणाच्या ओळखीने आलात, आणि पहिला मित्र व्हायला किती दिवस लागले?' ज्या वस्तीत बहुतेक जण बाहेरून आलेले असतात तिथे नव्या माणसाला जागा मिळते. जिथे तीन पिढ्या एकाच शाळेत शिकल्या आहेत तिथे लोक सभ्य असतात, पण त्यांची वर्तुळं पूर्ण झालेली असतात. विचारा, 'इथून कुणी सोडून गेलं तर बहुधा कशामुळे?' या प्रश्नाला लोक प्रामाणिक उत्तर देतात, कारण ते दुसऱ्याबद्दल असतं.

गुन्ह्यांचे आकडे बघताना एकच सावधगिरी. दर हजार रहिवाशांमागे मोजलेला आकडा मोठा मॉल असलेल्या छोट्या उपनगरात फुगतो, कारण चोऱ्या मॉलमधल्या आणि भागायचं मात्र मूठभर रहिवाशांनी. प्रकार वेगळे काढा आणि घरफोड्या तेवढ्या ताडून बघा.

आठवं काम: ठरवणं

गुण देऊन बेरीज करणारा तक्ता मी आता वापरत नाही. बेरजेत वाईट प्रवासाची भरपाई सुंदर बागेने होते आणि प्रत्यक्षात ती होत नाही. आधी तीन अटी लावा. जे एका जरी अटीत नापास, ते बाद, कितीही देखणं असलं तरी. मग उरलेल्यांच्या जोड्या लावा आणि प्रत्येक जोडीसाठी एकच वाक्य पूर्ण करा: 'पहिलं घेतलं तर आपण अमुक सोडतोय.' दुसऱ्यासाठीही तसंच. कुठलं वाक्य मोठ्याने म्हणताना आवाज अडखळतो ते घरातल्या सगळ्यांनी ऐका, मुलांनीही. आमच्याकडे मुलीने एकदा शांतपणे विचारलं होतं, 'मग मी कुणाबरोबर सायकल चालवणार?' त्या प्रश्नावर एक उपनगर बाद झालं.

जमत असेल तर पहिलं वर्ष भाड्याने राहा. घर विकत घेऊन वर्षभरात विकणं म्हणजे दोनदा दलाली, दोनदा कर आणि दोनदा सामानाची बांधाबांध. भाड्याचं घर शक्यतो ज्या उपनगरावर मन बसलं आहे तिथेच घ्या, सोय म्हणून मधल्याच कुठल्या जागी नको, म्हणजे शाळा आणि शेजार यांची खरी परीक्षा होते. त्या वर्षात स्वयंपाकघराच्या दारामागे एक कॅलेंडर लावा आणि ज्या दिवशी प्रवासाने, आवाजाने किंवा एकटेपणाने त्रास झाला त्या दिवशी तारखेवर नुसती एक फुली मारा. ज्या दिवशी कुणी सहज दार वाजवून आलं, त्या तारखेभोवती गोल करा. करार संपायला दोन महिने उरले की सुरुवातीला लिहिलेले ते कागद काढा, कॅलेंडरशेजारी ठेवा, आणि मगच घर बघायला बाहेर पडा.